भिंतीकडची बाजू

कप्तानाने आयुष्यात एकदाच समुद्रप्रवास केला, आणि तोही कठड्याला धरून, ओकत. तरीही आमच्या कारखान्यात लहानथोर सगळे त्याला कप्तान म्हणतात. कोणत्या जुन्या युद्धनौकेच्या कोणत्या फासळीला कुठे बाक होता, हे त्याला तोंडपाठ आहे, म्हणून.

आमचा धंदा लाकडी जहाजांच्या संचांचा. शिडांच्या काळातली एखादी लढाऊ नौका निवडायची, तिचे जुने नकाशे मिळवायचे, ती टेबलावर मावेल एवढी लहान करायची, पातळ लाकडात तिचे शेकडो तुकडे कापायचे आणि ते पेटीत भरून, सोबत एक पुस्तिका घालून विकायचे. गिऱ्हाईक ते घरी बसून जोडते. म्हणजे बहुधा अर्धे जोडते, आणि उरलेले कपाटावर धूळ खात पडते. तुकडे पाडणे हे कप्तानाचे काम. पुस्तिका मी लिहितो. भाषेच्या दोन पदव्या पदरी असलेल्या माणसाने जन्मभर ‘भाग चौदा भाग पंधराच्या खाचेत बसवावा’ असली वाक्ये रचावीत, यात इथे कोणालाच काही वावगे वाटत नाही. असो. गाऱ्हाणे माझे नाही, कप्तानाचे मांडायचे आहे. तो स्वतः ते कधीही मांडणार नाही.

कप्तान हा मालकांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. खाली कारखाना, वर घर, आणि वरून खाली उतरणारा एकुलता एक जिना कारखान्याच्या आतच उतरतो, अगदी मालकांच्या टेबलासमोर. दाढी करायला ब्लेड आणायचे असले तरी कप्तानाला मेव्हण्यासमोरून जावे लागते. “कुठे निघाली स्वारी, जावईबापू?” हा प्रश्न त्याने इतक्या वेळा ऐकला आहे, की हल्ली तो विचारण्याआधीच उत्तर देतो. घरजावई हा शब्द त्याच्यासमोर कोणी उच्चारत नाही. गरजच पडत नाही. जिनाच तो उच्चारतो.

असे सगळे सुरळीत, म्हणजे नेहमीसारखे वाईट, चालले असताना त्याला एका दूरच्या बंदरातून फोन आला. तिथल्या गोदीत एक खरीखुरी जुनी युद्धनौका पाण्याबाहेर काढून ठेवली होती. निम्म्या फासळ्या कुजलेल्या, नकाशे नष्ट झालेले. उरलेल्या फासळ्यांवरून गेलेल्यांचा आकार काढू शकेल असा माणूस त्यांना हवा होता. त्यांच्यातल्या कोणीतरी कप्तानाचा एक संच जोडला होता आणि तेवढ्यावरून त्यांनी त्याला ओळखले होते. पुढच्या हंगामापर्यंत जागा राखून ठेवू, असे ते म्हणाले.

“मास्तर,” कप्तान मला म्हणाला. हातातला पॉलिश पेपर थांबला होता, आणि तो सहसा थांबत नाही. “खरी फासळी माझ्यापेक्षा उंच असते. मी आत जाऊन उभा राहू शकेन.”

इतकी वर्षे ज्याने एका हाताने उचलता येतील अशीच जहाजे केली, त्याला हे वाटणे साहजिक होते.

मालकांनी नाही म्हटले नाही. ते कधीच नाही म्हणत नाहीत. ते अट घालतात.

“जा की, जावईबापू! मी काय दोरीने बांधून ठेवलंय? पण ते तीन मजली जहाज हातात घेतलंय ना, त्याची पेटी पास करा आणि जा. नाहीतर तुम्ही तिकडे, आणि गिऱ्हाईक इकडे माझ्या उरावर. मी काय सांगू? जहाजाला पोटदुखी झालीय, पण डॉक्टर परगावी गेलेत?”

पेटी पास करणे म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. आमच्याकडे कोणतीही पेटी बाजारात जाण्यापूर्वी ती एका अशा माणसाला देतात, ज्याने ते जहाज आधी पाहिलेले नाही. त्याने केवळ पुस्तिका वाचून ते पूर्ण जोडायचे. त्याच्या खोलीत कप्तानाने पाऊल टाकायचे नाही, मीही टाकायचे नाही. जोडणाऱ्याने एक जरी प्रश्न विचारला, तरी पेटी नापास. मग दोष दुरुस्त करायचा, नवी पेटी फोडायची आणि त्याच माणसाने पहिल्या तुकड्यापासून पुन्हा सुरुवात करायची. नियम मालकांच्या वडिलांनी घातला होता आणि तो चांगला होता, हे मला नाइलाजाने कबूल केले पाहिजे. पूर्वी हे काम एक म्हातारे घड्याळजी करीत. त्यांची नजर गेल्यावर मालकांनी वेगळा माणूस ठेवला नाही. “घरात माणूस असताना बाहेर कशाला?” असे म्हणून त्यांनी आपल्या बहिणीलाच, म्हणजे कप्तानाच्या बायकोलाच, पेटीसमोर बसवले. वहिनींनी तोपर्यंत नवऱ्याच्या कामाकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. मागच्या खोलीत त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. तिला उठवणे, बसवणे, भरवणे यातून त्यांना सवड मिळेल तेव्हा जहाज.

वहिनी जहाज जोडत ती खोली नेमकी कप्तानाच्या टेबलाच्या वर होती. पहिल्या पेटीच्या वेळी तो काम सोडून छताकडे कान लावून बसे. सांगाडा उभा राहिला, तेव्हा वरून हलकी ठकठक येत होती. मग नाळ आली. नाळ म्हणजे जहाजाचे पुढचे टोक. तिथे सरळ फळ्या एकदम वळवून बसवाव्या लागतात. वरून ‘कट्’ असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा कट्. कप्तान दर आवाजाला डोळे मिटत होता.

अखेर वहिनी हातात दोन तुकडे घेऊन जिन्यावर आल्या. “अहो, ही मेली वाकत का नाही? मी भिजवली की—” आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

“प्रश्न!” मालक टेबलावरून म्हणाले. क्रिकेटचा पंच बोट वर करतो, त्याच सुखाने.

चूक माझी ठरली. ‘फळी पाण्यात भिजवावी’ असे मी लिहिले होते; पाणी कढत हवे, हे मला कोणी सांगितले नव्हते. नापास पेटीचे खापर मात्र नेहमी शिकलेल्या माणसावर फुटते.

दुसऱ्या पेटीत फळ्या वाकल्या, पण फासळ्यांवर नीट टेकेनात. मध्ये फट राहू लागली. वहिनींनी पुष्कळ दिवस कळ काढली आणि शेवटी विचारले. कप्तान चक्रावला. नकाशा बरोबर, तुकडे बरोबर, पुस्तिका बरोबर. मी त्याला म्हटले, “माझ्यासमोर एक सांगाडा जोड आणि तोंडाने एक अक्षर बोलू नकोस.” तो जोडू लागला. फळी उचलण्यापूर्वी त्याचा डावा हात आपणहून कानशीकडे गेला आणि प्रत्येक फासळीच्या कडेवरून तिरका फिरून परत आला.

“हे काय केलंस?”

“काय केलं?”

“कानस मारलीस.”

“छे! कुठे?” त्याने फासळीवरचा भुसा पाहिला आणि तो ओशाळला. “अरेच्चा. ही तर मी नेहमीच मारतो.”

फळी सपाट टेकावी म्हणून फासळीची कड आधी तिरकी घासावी लागते. ही गोष्ट त्याच्या हाताला इतकी ठाऊक होती, की डोक्याने तिची दखल घेणे कधीच सोडून दिले होते. त्या एका पायरीवाचून त्याचे आजवरचे संच कसे खपले, देव जाणे; कदाचित घड्याळजींचाही हात तसाच आपणहून फिरत असावा. मी ती पायरी लिहिली, चित्रासह. तिसरी पेटी फोडली.

तिसऱ्या पेटीच्या वेळी छत शांत होते. कट् नाही, जिन्यावर पाऊल नाही. तोफांचे मजले झाले, वरचे डेक झाले, डोलकाठ्या उभ्या राहिल्या. कप्तान शीळ घालू लागला, आणि हे मला मुळीच आवडले नाही. आशा धरणारा माणूस शेजारी बसला की काम होत नाही. एके दिवशी त्याने माळ्यावरची ट्रंक खाली काढली, कोपऱ्यात उघडी ठेवली, आणि ती भरलीही नाही की मिटलीही नाही.

त्या दिवसांत मालकांच्या आईसाठी औषध घेऊन मी वर गेलो होतो. वहिनी मागच्या खोलीत आईला कुशीवर वळवत होत्या. एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली. न दुखवता, एका लयीत.

“तुझ्या भावजयीला सांग ना गं थोडं,” म्हातारी म्हणाली.

“तिची कंबर दुखते, आई.”

“माझं काही उचलायचं झालं, की बरी दुखते.”

वहिनी हसल्या. बाहेर येऊन औषध घेताना मला म्हणाल्या, “मास्तर, तिकडे म्हणे गोदीवाले कुटुंबाला खोली देतात.”

“देतात, असं ऐकतो.”

“कुटुंबाला देतात. आईला नाही देत.” आणि पदराला हात पुसून त्या जहाजाकडे वळल्या. मला त्या खोलीत जायची परवानगी नव्हती.

शेवटचा टप्पा दोराच्या शिड्यांचा. खलाशी डोलकाठीवर चढत त्या शिड्या. प्रत्येक पायरी बारीक दोऱ्याची, प्रत्येक दोऱ्याला गाठ. एक शिडी जहाजाच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला. या गाठीचे पान मी लिहिलेल्या साऱ्या पानांत उत्तम आहे, असे मी निःसंकोच म्हणतो. सात चित्रे, प्रत्येकाखाली एकेक ओळ. आंधळ्यानेही बोटांनी वाचून गाठ मारावी. म्हणून दुपारी वहिनींचा आवाज जिन्यावरून आला, तेव्हा तो थप्पड बसावी तसा मला लागला.

“अहो, जरा वर येता का? ही गाठ कशी मारायची, ते काही उमगत नाही.”

मालकांनी मान वर केली. कप्तान उठला. प्रश्न आला म्हणजे खोली आता निषिद्ध नव्हती, म्हणून मीही तणतणत त्याच्या मागून गेलो.

जहाज भिंतीला लागून उभे होते. ते सुंदर झाले होते, हे कबूल करायला हवे. समोरच्या अंगाचे दोर ताणलेले, पण पायऱ्या नव्हत्या. वहिनी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. कप्तान त्यांच्याजवळ बसला, त्याने टेबलावरचे दोऱ्याचे रीळ उचलले, क्षणभर हातात धरले आणि मग टोक ओढून पहिली गाठ मारायला घेतली. “हे असं वरून घ्यायचं. मग खालून. मग ओढायचं.” ज्या आवाजात मुलाला बुटाची नाडी शिकवतात, त्या आवाजात.

पुस्तिका कुठे आहे, ते पाहायला मी टेबलाच्या पलीकडे गेलो. भिंत आणि जहाज यांच्यामध्ये वीतभर जागा होती. मी वाकून पाहिले.

भिंतीकडची शिडी पूर्ण झाली होती. खालपासून डोलकाठीच्या माथ्यापर्यंत, एकूण एक पायरी. गाठी सारख्या, टोके कापून डिंकाने बसवलेली. कप्तानाच्या स्वतःच्या गाठी इतक्या नेटक्या येत नाहीत.

“कप्तान,” मी म्हणालो, “जरा इकडे—”

“मास्तर,” तो मान वर न करता म्हणाला, “त्या बाजूला उजेड कमी आहे. तिकडून काही दिसायचं नाही.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. त्या डोळ्यांत क्षमायाचना नव्हती. मागच्या खोलीतून म्हातारीने हाक मारली.

“चहा घेणार का, मास्तर?” असे म्हणून वहिनी उठल्या आणि हाकेच्या दिशेने गेल्या.

खालून मालकांनी विचारले, “काय हो, प्रश्न आला का?”

कप्तानाने दुसरी गाठ ओढून घट्ट केली. “आला,” तो म्हणाला.

नंतर खाली मी त्याला सोडले नाही. “अरे, तिला येत होतं! मी डोळ्यांनी पाहिलंय. मालकांना वर नेऊन दाखव, पेटी आत्ताच्या आत्ता पास होते.”

“रीळ अर्धं संपलं होतं, मास्तर. हातात घेतलं तेव्हाच कळलं.”

“मग?”

“मग काय? तिनं विचारलं ना? प्रश्न आला, म्हणजे पेटी नापास. नियम आहे.” पॉलिश पेपर उचलत तो म्हणाला, “ती मला जाऊ नका म्हणाली असती, तर मी भांडलो असतो. तिनं गाठ विचारली. गाठ दाखवण्यावरून कसा भांडू?”

मी गाठीचे पान काढून पुन्हा वाचले. दोन पदव्या आहेत, पण त्यात चूक सापडली नाही.

गाठीचे पान पुन्हा लिहा, असा मालकांचा हुकूम सुटला. काय बदलू, असे विचारले तर म्हणाले, “ते तुम्ही बघा, तुम्ही शिकलेले.” मी ते पान जसेच्या तसे उतरवून त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी वाचले आणि म्हणाले, “हां, आता कसं स्वच्छ कळतंय.”

चौथी पेटी वर गेली आहे. हंगाम संपता संपता गोदीवाल्यांचा फोन आला, तेव्हा मी शेजारीच होतो. कप्तानाने अडचण आहे एवढेच सांगितले. मग विचारले, मधली फासळी शेवटी केवढी निघाली. पलीकडून उत्तर आले. त्याने फोन ठेवला, जिन्याखालच्या दारात जाऊन उभा राहिला आणि एक हात डोक्याच्या वर, जमेल तेवढा उंच धरला. टाचा उचलल्या. तरी तो वर पाहत होता, म्हणजे फासळी आणखी उंच असावी.

“कुठे निघाली स्वारी, जावईबापू?” मालकांनी विचारले.

“कुठे नाही,” तो म्हणाला, आणि हात खाली घेऊन टेबलाशी आला. वरून हलकी ठकठक ऐकू येत होती.