खुर्चीत ठरलेलं ऑपरेशन

दाजी गेले तेव्हा भेटायला आलेला जो तो म्हणत होता, सुटले बिचारे. मला या शब्दाची चीड आहे. सुटले म्हणजे काय? माणूस काय खुंटीला बांधलेला होता? दाजींना सुटायचं नव्हतंच. त्यांना दुकानात जायचं होतं, आणि ते शेवटपर्यंत तेच सांगत होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं सलून आणि माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, तीही इतकी पातळ की तिकडे कात्री वाजली की इकडे कळायचं कोणाचे केस चाललेत. सलूनमध्ये तीन खुर्च्या. एक दाजींची. एक मोडकी, तिच्यावर वर्तमानपत्रं. आणि एक त्यांच्या कारागिराची, ज्याला सगळं गाव रेडिओ म्हणायचं, कारण तो सकाळी सुरू झाला की शटर खाली येईपर्यंत बंद व्हायचा नाही. दाजी त्याच्या उलट. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे. बोलायचे ते कामापुरतं: मान खाली, मान वर, झालं.

पण स्वच्छतेच्या बाबतीत भारी खडूस माणूस. प्रत्येक गिऱ्हाइकाला धुतलेला टॉवेल, प्रत्येक डोक्यानंतर साबणाने हात, रोज इस्त्रीचा शर्ट आणि दाढेखाली लवंग. मी एकदा थट्टा केली, "दाजी, तुम्ही केस कापता की लग्नाला निघालात?" तर म्हणाले, "अरे, गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याचं नाक बरोबर आपल्या पोटाशी येतं. एकदा वास आला की तो तोंडावर बोलत नाही. पुढच्या खेपेला समोरच्या दुकानात दिसतो." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल.

तर अशा माणसाला संडासातून रक्त जायला लागलं. आता हे कोणाला सांगतील तर ते दाजी कसले! मूळव्याध आहे असं स्वतःच ठरवलं, औषधाच्या दुकानातून मलम आणलं आणि कित्येक महिने गप्प बसले. ताईने कपडे धुताना पाहिलं तेव्हा फुटलं. तिने त्यांचा हात धरला आणि सरळ दवाखान्यात नेलं. तपासणीत निघालं की आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला गाठ आहे, आणि ती चांगली नाही.

सर्जन ओळखीचेच. ओळखीचे म्हणजे काय, दाजींचं पक्कं गिऱ्हाईक. दर आठवड्याला दाढीला यायचे. घरी गरम पाणी, चांगलं रेझर सगळं असताना यायचे, आणि म्हणायचे, "उस्ताद, जगात ही एकच खुर्ची आहे जिथे मला कोणी काही विचारत नाही." माणूस हुशार, हात चांगला, मन मऊ. मी मन मऊ म्हणतोय ते कौतुकाने म्हणत नाहीये.

आधी गाठीला किरणांचे शेक दिले. गाठ थोडी आटली. मग डॉक्टरांनी दाजींना आणि ताईला समोर बसवून कागदावर आतड्याचं चित्र काढलं. गाठीचा भाग कापून टाकायचा, वरचं आतडं खाली ओढून शिवायचं. "पण हा सांधा फार खाली येतोय," डॉक्टर म्हणाले, "आणि शेक दिलेल्या जागेवर टाके पटकन धरत नाहीत. म्हणून सांधा भरेपर्यंत वरचं आतडं पोटाला भोक पाडून बाहेर काढू, त्याला पिशवी लावू. दोन-तीन महिन्यांनी छोटं ऑपरेशन करून परत आत घालू."

"मळ पिशवीत येणार?" दाजींनी विचारलं.

"हो. पण तात्पुरतं."

"आणि पिशवी नाही लावली तर?"

"तर सांधा सुटला की सगळी घाण पोटात. मग मला दुसऱ्यांदा पोट उघडावं लागेल, आणि तेव्हा काय हाती लागेल ते सांगता येत नाही."

ताईने तिथल्या तिथे सांगितलं, "लावा पिशवी. मी करीन सगळं." दाजी काहीच बोलले नाहीत, आणि ताईला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. त्या आठवड्यात डॉक्टर नेहमीसारखे दाढीला आले. मी तिथेच होतो, सलूनचा पंखा आवाज करत होता म्हणून स्टुलावर चढलो होतो. दाजींनी डॉक्टरांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, साबण फासला, वस्तऱ्यात नवं पान घातलं. आमच्याकडे एक नियम आहे, लिहिलेला नाही पण सगळे पाळतात: वस्तरा गळ्यावर असताना गिऱ्हाइकाने बोलायचं नाही, हलायचं नाही. डॉक्टरांनी डोळे मिटले, मान मागे टाकली. आणि जन्मात कधी नाही ते दाजी बोलायला लागले.

"डॉक्टरसाहेब, पिशवी नको. दोन महिने म्हणता, पण दोन महिने माझ्या पोटाशी येऊन कोण बसणार? एकदा लोकांना कळलं की वर्षानुवर्षं तेच आठवतं. हाताला दुसरं काम येत नाही मला. इतकी वर्षं तुमच्या गळ्यावर हात चालवतोय, कधी ओरखडा दिला? तुमच्या हातावर माझा तसाच विश्वास आहे. तुम्ही शिवलंत तर सांधा धरणारच. माझं एवढं ऐका."

रेडिओसुद्धा बंद पडला. मी वरून म्हणालो, "दाजी, हे दवाखान्यात बोलायचं." त्यांनी वर बघितलंदेखील नाही. हनुवटीखालून वस्तरा सावकाश वर घेत राहिले. ज्याच्या गळ्यावर पातं आहे तो माणूस वाद कसा घालणार, सांगा! पातं बाजूला झालं, तोंड पुसून झालं, तोवर डॉक्टरांचा चेहरा असा झाला होता की आता नाही म्हटलं तर आपणच या माणसाला ओरखडा दिल्यासारखं होईल. आरशातूनच म्हणाले, "बघतो. पोट उघडल्यावर सांधा चांगला वाटला तर नाही लावत."

दाजींनी त्यांच्या गालावर तुरटी फिरवली. इतकं खूश मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

घरी कळलं तेव्हा ताई फणकारली. "माझ्या नवऱ्याचं पोट, आणि ठरलं सलूनमध्ये? दाढी करताना?" ती डॉक्टरांना भेटायला गेली. डॉक्टर म्हणाले, "ताई, त्यांचा निर्णय आहे. पेशंटची इच्छा असते." ताई म्हणाली, "त्यांची इच्छा तर मलमावरच भागवायची होती." पण सही दाजींची, पोट दाजींचं, आणि दाजी एका पायावर तयार. ती तरी किती भांडणार!

ऑपरेशन झालं. डॉक्टर हसत बाहेर आले. सांधा छान बसला होता, हवा भरून, पाण्याखाली धरून पाहिला होता, एक बुडबुडा नाही. पिशवी लावली नव्हती. ताईने हात जोडले. मीही जोडले, खोटं कशाला सांगू. त्या वेळी वाटलं, दाजींनी पैज जिंकली.

पहिले काही दिवस बरे गेले. दाजी उशीला टेकून बसले, घोट घोट पाणी प्यायले, रेडिओला निरोप पाठवला की माझ्या खुर्चीवर कोणाला बसवू नकोस. मग एका सकाळी अंग कोमट लागलं. शिकाऊ डॉक्टर आला, "काका, दुखतंय का?" दाजी म्हणाले, "नाही, ठीक आहे." नर्स आली, "काही त्रास?" "ठीक आहे." दुपारी त्यांच्या कपाळावर घाम होता, कुत्र्यासारखी धाप लागली होती, आणि तरी ठीकच होतं. यांच्या घराण्यात दुखतंय म्हणणं म्हणजे कुणाकडे हात पसरल्यासारखं. सर्जन स्वतः आले, त्यांनी काही न विचारता पोटावर तळवा ठेवला. पोट लाकूड झालं होतं. डॉक्टरांचा रंग उडालेला मी समोरून पाहिला.

पुन्हा पोट उघडलं. सांधा एका बाजूने उसवला होता. आत पू, मळ, सगळं. धुऊन काढलं, सांधा काढून टाकला, खालचं टोक कायमचं शिवून बंद केलं आणि वरचं आतडं पोटावर आणलं. म्हणजे पिशवी लागली ती लागलीच, आणि आता दोन महिन्यांची नाही, जन्माची. डॉक्टर नंतर म्हणाले की पिशवी आधी लावली असती तरी सांधा कदाचित सुटला असता. पण विष पोटभर पसरलं नसतं. खरं असेल. मला त्या "कदाचित"चा फार राग आला.

पुढचे दिवस वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत. घशात नळी, यंत्र श्वास देतंय, लघवी बंद पडलेली. ताई काचेबाहेरच्या बाकावर बसून असायची. ते शुद्धीवर आले, नळी निघाली, तर पोटाची जखम उघडली. एवढी की रोज नर्स तिच्यात कापसाच्या पट्ट्या भरायची आणि दुसऱ्या दिवशी काढायची. दाजी छताकडे बघत पडायचे. हूं नाही की चूं नाही. एकदाच म्हणाले, "वास येतोय का रे?" मी नाही म्हटलं. येत होता.

घरी आणले तेव्हा हाडांवर कातडं उरलं होतं. गाठीसाठीची पुढची औषधं, सलाइनमधून द्यायची, ती वेळेत सुरू व्हायला हवी होती. पण ती झेलायला अंगात जीव नको? जखम भरेना म्हणून पुढे ढकलली, ताप आला म्हणून पुढे ढकलली. पिशवीचं सगळं ताई करायची. तोंड वाकडं न करता करायची, आणि दाजी त्या वेळी भिंतीकडे तोंड फिरवायचे. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्यासमोर कधी बनियनवर जेवण केलं नव्हतं.

एकदा हट्टाने दुकानात आले. मी धरून आणलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, आत पिशवी, वरून पावडरचा भपका. जुनं गिऱ्हाईक बसलं होतं, आनंदाने म्हणालं, "या या, तुमचीच वाट बघत होतो." दाजींनी कात्री उचलली, दोन पावलं पुढे झाले आणि थांबले. पिशवीत आवाज झाला होता. फारसा नाही, पण रेडिओ नेमका तेव्हा गप्प होता. गिऱ्हाईक भला माणूस, त्याने आरशात बघायचं टाळलं. दाजींनी कात्री ठेवली आणि मला म्हणाले, "चल." त्यानंतर ते दुकानात आले नाहीत.

मग नवीन तपासणीत लिव्हरवर डाग दिसले. एक-दोन नाही, पुष्कळ. ते सांगायला डॉक्टर स्वतः घरी आले. दुपारची वेळ होती. दाजी खिडकीशी आरामखुर्चीत, ताई दाराशी, मी पलंगाच्या कडेवर. डॉक्टरांची दाढी वाढलेली होती. त्यांनी डागांचं सांगितलं, साध्या शब्दांत, काही न लपवता. दाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं," दाजी म्हणाले. "मग आता एक करा. ही पिशवी आत घाला. जे काही दिवस असतील ते दुकानात काढतो."

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"जोखीम माझी. लिहून देतो."

"नाही, उस्ताद. पुन्हा पोट उघडलं तर तुम्ही टेबलावरून उठणार नाही. मी करणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला करूही देणार नाही."

"माझ्या शब्दाखातर?"

"शब्दाखातर तर मुळीच नाही."

मला वाटलं दाजी आता रडतील. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचा सख्खा भाऊ असता, आणि तो पहिल्या वेळी पिशवी नको म्हणाला असता, तर?"

डॉक्टरांनी उत्तर टाळलं नाही. "लावली असती. त्याने शिव्या दिल्या असत्या तरी लावली असती."

"मग मला?"

"तुमचं मन मोडवेना."

"मी रुसलो असतो," दाजी म्हणाले. "महिनाभर तुमची दाढी केली नसती. दुसरं काय झालं असतं?"

डॉक्टर मान खाली घालून बसले. मला त्यांची दया येत होती आणि त्यांच्या कानशिलात द्यावीशीही वाटत होती, दोन्ही एकदम. दाजींनाच कसंतरी झालं असावं. घरी आलेल्या माणसाला असं बसलेलं त्यांना बघवेना. ताईला म्हणाले, "अगं, साहेबांना चहा तरी टाक."

ताई दाराला टेकून उभी होती. "चहापत्ती संपलीय," ती म्हणाली.

सकाळीच मी अर्धा किलोचा पुडा आणून तिच्या हातात दिला होता. दाजींनी तो फळीवर बघितलाही होता. त्यांनी एकदा ताईकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, आणि तिला पुन्हा सांगितलं नाही.