डब्यात मराठी नव्हती

बाळांनो, तुमची आत्या अंबाजोगाईच्या आपल्या घरातूनच नोकरी करते. ती इथं राहील की पुण्याला जाईल, हे एका दुपारी ठरायचं होतं. तिनं दवाखान्यांसाठी वेब ॲप बनवलं होतं. पेशंटनं औषध कधी आणि कसं घ्यायचं, याची मराठी चिठ्ठी त्यातून निघे. संध्याकाळपर्यंत ते पुण्याच्या ऑफिसात नीट चाललं, तर घरून काम करायची परवानगी मिळणार होती. नाहीतर सामान बांधायचं.

असं ॲप, चालायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट, कॉम्प्युटरमधल्या कंटेनरमध्ये भरून पाठवतात. मी त्याला डबा म्हणते. डबा कसा भरायचा, याच्या सूचना आत्या ओळीखाली ओळ इंग्रजीत लिहीत होती: हे आण, ते बसव, मग सुरू कर. मी तिच्या पाठीमागून वाचायची, स्वयंपाकघरात जायची, पुन्हा यायची.

"आई, बस की गं एका जागी! स्टँडवरच्या कंडक्टरवाणी फिरायलीस."

"चूक निघाली का काही?"

"न्हाई. डबा तयार झाला बघ."

डबा तयार झाला, पण त्यातून काढलेल्या चिठ्ठीवर गोळीचं इंग्रजी नाव आणि पुढं चौकोनच चौकोन. जेवणाआधी घ्यायची की नंतर, कुणाला कळणार? तिच्या लॅपटॉपवर मात्र तीच चिठ्ठी स्वच्छ मराठीत दिसत होती. ती सगळा कोड पुन्हा तपासू लागली. मी धुतलेले कप पुन्हा धुतले, आणि परत जाऊन त्या सूचना वाचल्या.

"अगं, मराठी अक्षरं आण असं यात कुठंच लिहिलेलं नाही."

"ती असतातच, आई."

"तुझ्या लॅपटॉपात. डबा तर कोरा असतो म्हणालीस ना?"

मग देवनागरी फॉन्ट बसवायची एक ओळ तिनं सूचनांत घातली आणि डबा पुन्हा भरायला लावला. नेट रांगत होतं. मी फाटकापर्यंत जाऊन आले, उगाच कडी लावली, काढली.

"आई!"

चौकोनांच्या जागी 'जेवणानंतर' उमटलं होतं. तिनं लगेच डबा पुण्याला पाठवला.

दिवेलागणीला ऑफिसचा फोन आला. बोलणं संपवून ती दारात आली.

"राहायलेय मी इथंच. आता फिर जन्मभर माझ्या मागं!"

मी तेव्हा कुठं खुर्चीत टेकले. आणि लगेच चहा टाकायला उठले.