पासिंगपुरते ब्रेक

चाकणचा कांदा पुण्याला नेणारा ट्रक माझा नवरा चालवायचा. ट्रक मालकाचा, जीव आमचा. दरसाल पासिंग, म्हणजे गाडीची सरकारी तपासणी, आली की मालक मिस्त्रीकडून ब्रेक आवळून घ्यायचा. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर पळवायची, साहेबांनी हात केला की ब्रेक दाबायचा. गाडी जागेवर उभी, पास! मग नारळ फोडायचा आणि त्याच दिवशी ब्रेक पुन्हा सैल करायचे. घट्ट ब्रेक पेट्रोल पितो, असं तेव्हा समद्या मालकांचं मत.

"मालक, भरल्या गाडीला ब्रेक पुरत न्हाई," हे सांगायचे.

"मग दमानं हाक की राव!"

उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जात होतं?

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मोशीच्या उतारावर भरलेली गाडी थांबलीच नाही. बाजाराहून परतणारी एक बाई चाकाखाली गेली, मग गाडी बाभळीवर आदळली. ह्यांचे दोन्ही पाय मोडले.

मी पोचले तोवर ह्यांना पुण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. ट्रक तिथंच होता, पोती उतरवलेली. आणि अपघाताची गाडी तपासायला साहेब यायच्या आत मिस्त्री गाडीखाली शिरून ब्रेक आवळत होता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आरं मुडद्या, काय करतोयस?" मी ओरडले. तो बाहेर आला, हात पुसत बाजूला जाऊन उभा राहिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

साहेबांनी रिकामी गाडी दुसऱ्या ट्रकनं ओढायला लावून ब्रेक दाबून पाहिला. चाकं जागच्या जागी धरली.

"सायेब, आत्ताच आवळल्यात त्यानं," मी म्हणाले. "कांदा भरून बघा की एकदा."

"बाई, नवऱ्यासाठी तुम्ही बोलणारच."

मालक शेजारी उभा राहून मान डोलावत होता. ब्रेक ठीक, चूक ड्रायव्हरची, असं ठरलं.

ह्यांना तुरुंगवास झाला, लायसन गेलं. ते सुटून आल्यावर मी त्यांना मिस्त्रीची गोष्ट सांगितली, एकदा नाही, शंभरदा. रागानं सांगितली, रडून सांगितली. हे शांतपणे ऐकून घ्यायचे.

"सायबांनी तपासलं न्हवं का? ब्रेक चांगलंच व्हतं," म्हणायचे. "माझाच पाय उशिरा पडला."

माझ्यापेक्षा साहेबावर त्यांचा विश्वास जास्त. त्या बाईला आपणच मारलं, असं म्हणतच ते गेले.