डबलसीट मामा

आमचा मामा सायकलरिक्षातून निघाला की पुलाच्या चढावर खाली उतरत असे आणि स्वतःच मागून रिक्षा ढकलत असे. भाडं पूर्ण देई, शिवाय वर पोचल्यावर रिक्षेवाल्यालाच विचारी, "थकला तर नाही ना गा?" इतवारी बाजारातल्या रिक्षेवाल्यांना हे सगळं माहीत होतं. तरी मामा कोपऱ्यावर दिसला की निम्मे जण विडी शिलगावत आणि उरलेल्यांना एकदम चाकातली हवा तपासायची आठवण होई.

मामा जाडा होता. 'अंगानं भरलेला' वगैरे सोज्वळ शब्द आमच्या घरात कोणी वापरत नसे. 'डबलसीट' हे नाव त्याला म्हणे एका ट्राफिक हवालदारानं दिलं. त्या काळी सायकलवर दोघं बसले की पोलीस डबलसीट म्हणून धरत. तरुणपणी मामा एकटाच सायकलवरून चालला असताना हवालदारानं शिट्टी मारून त्याला थांबवलं आणि मागे कोण लपलंय ते वाकून पाहिलं. ही गोष्ट खरी की मामानंच रचलेली, कोण जाणे. सांगायचा मात्र तोच. लोक हसायच्या आत आपणच हसून मोकळं व्हायचं, ही त्याची जुनी युक्ती होती. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्यापुढे थबकला की तो म्हणे, "इथं दोघं जेवून राहिले असं समज." सगळी पंगत हसे, आणि ज्याला खरोखर टोमणा मारायचा असे त्याची पंचाईत होई.

त्याचं इतवारीत कापडाचं दुकान होतं. दर आठवड्याला तो एसटीनं उमरेडला जाई आणि विणकरांकडून माल आणी. तिघांच्या बाकावर तो आणि मालाचा गठ्ठा बसला की तिसऱ्याचा प्रश्नच नसे. कंडक्टर तिकीट मात्र एकच फाडी. दुकानात शर्टाचं कापड घ्यायला एखादं जाड गिऱ्हाईक आलं की मामा मापाच्या पुढे हातभर कापड फुकट सोडून कातर चालवी आणि म्हणे, "माणसाले माप नसते गा, कापडाच्या थानाले असते." बारक्या गिऱ्हाइकाला त्यानं कधी बोटभर जास्त दिलं नाही. मामी यावरून कुरकुर करी. ती स्वतः इतकी किरकोळ होती की गादीवर तिला बसवून मामा जेवायला गेला तर गिऱ्हाईक आत डोकावून 'कोणी आहे का?' विचारी.

फक्त एका जागी मामाची थट्टा बंद पडे, ती म्हणजे सुमनसमोर. सुमन त्याची एकुलती एक मुलगी. ती लहान असताना शाळेच्या गॅदरिंगला मामा गेला आणि हात असलेल्या खुर्चीत अडकला. त्याला उठवायला दोन मास्तर लागले. पोरं हसली, मामाही हसला, सुमन मात्र घरी येऊन रडली. त्यानंतर मामानं तिच्या शाळेत पाऊल टाकलं नाही. निकालाच्या दिवशीही तो फाटकाबाहेर पानठेल्यापाशी उभा असे आणि विचारलं तर म्हणे, पान खायला आलो होतो.

सुमनचं सासर दादरचं. लग्नानंतर वर्षभरातच जावयाला अमेरिकेत नोकरी लागली आणि मे महिन्यात मुंबईहून दोघांचं विमान ठरलं. एकदा गेली की पोरगी पुन्हा कधी दिसेल याचा भरवसा नव्हता. नेमका तेव्हाच रेल्वेचा संप सुरू झाला. मी कॉलेजात होतो. धावपळ करून मुंबईच्या विमानाची दोन तिकिटं मीच आणली, एक मामाचं आणि एक मामीचं. विमानात बसायला मिळणार म्हणून मामानं नवा झब्बा शिवला. मामीनं अनारसे केले, आणि हवेत ते नरम पडतील का हे चार जणींना विचारून घेतलं.

सोनेगावच्या विमानतळावर टाय लावलेला एक अधिकारी होता. गिऱ्हाईक थान निरखतं तसं त्यानं मामाला वरून खाली आणि मग आडवं निरखलं. हिंदीत थोडं इंग्रजी मिसळून त्यानं सांगितलं की अशा प्रवाशाला दोन सीटा घ्याव्या लागतात, पट्टा बसत नाही, शेजारच्याला त्रास होतो. मामा म्हणाला, शेजारची माझी बायको आहे, तिनं इतकी वर्षं तक्रार केली नाही. अधिकाऱ्याला हसू आलं नाही. संपामुळे विमान गच्च भरलं होतं आणि तिसरी सीट कुठेच नव्हती. तेव्हा एक तर मामानं दोन्ही सीटा घ्याव्या, नाही तर मामीनं एकटीनं जावं.

मामा पैशावर अडला नाही. तो बेरजेवर अडला. "साहेब," तो म्हणाला, "आमची दोघांची बेरीज दोनच होते. हिच्या सीटमधलं उरते ते मले द्या." अधिकाऱ्यानं मान हलवली. "सायकलवर दोघं बसलो तर डबलसीट म्हणून धरता," मामा म्हणाला, "अन् इथं एकटा बसलो तरी डबलसीट. मंग माणसानं बसावं कुठं?" मागे रांगेतले लोक हसले. या वेळी मामा त्यांच्याबरोबर हसला नाही.

मामी म्हणत होती, तुमीच जा, मी कधी उमरेडलेही एकटी गेली नाही. मामानं अनारशांचा डबा तिच्या हातात दिला. "मी दोन सीटा खाऊन तिथं जाऊ अन् पोरीची आई घरी? काहून?" मग तो तिला जरा बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला. मी जवळच होतो. "सुमीले हे सांगजो नको. लग्नसराई आहे, दुकान सोडता आलं नाही म्हणजो."

रेल्वे सुरू झाल्यावर मामी परतली. मामाच्या रद्द केलेल्या सीटवर कोण बसलं हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. आयत्या वेळी एक बडा ठेकेदार आला होता. अंगानं मामाच्याही वरचा. टायवाल्या अधिकाऱ्यानं स्वतः त्याला विमानापर्यंत आणून सोडलं होतं. त्याची अर्धी मांडी मुंबईपर्यंत मामीच्या सीटवर होती.

"तिकीट किती त्याचे?" मामानं विचारलं.

"एकच."

"अन् पट्टा?"

"विमानातल्या पोरीनं जोडपट्टा आणून देला. त्यायच्याकडे असते म्हणे."

त्या रात्री मामा जेवला नाही. पुढे त्यानं हीही गोष्ट दुकानात रंगवून सांगायला सुरुवात केली, ठेकेदाराची नक्कल करून, आणि गिऱ्हाइकं पोट धरून हसत. मीही हसलो आहे. सुमनची पत्रं मात्र मामीच्या नावानं येत. शेवटी एक ओळ असे, बाबांना नमस्कार. मामा पत्र उलटून पाही आणि म्हणे, खुशाल आहे ना, बस.

मामा गेला तेव्हा सुमनला तेरवीनंतरच येता आलं. दुपारी आम्ही तिघं दुकानामागच्या खोलीत बसलो होतो. मामी मामाचे झब्बे घडी करून ठेवत होती. सुमन त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "मी एवढ्या लांब चालले होते आणि बाबांना दुकान सोडवलं नाही. मी कितीदा विसरायचं ठरवलं, आई. नाही विसरता आलं."

मामीनं हातातला झब्बा खाली ठेवला. मामाचा शब्द तिनं इतकी वर्षं पाळला होता.

"दुकान बंद होतं त्या दिवशी, सुमे," ती म्हणाली. "तुहा बाप हवाई अड्ड्यावर उभा होता. विमानवाल्यायनं त्याले दोन माणसं मोजलं, अन् त्याची सीट एकच होती. म्हणून त्यानं मले पाठवलं."

ते ऐकून मला मामाचा भयंकर राग आला. साऱ्या इतवारीला त्यानं ती गोष्ट हसत सांगितली होती, आणि जिला सांगायची तिलाच नाही.

सुमननं एक झब्बा उचलला आणि मांडीवर पसरला. तो तिच्या दोन्ही गुडघ्यांवरून खाली सतरंजीपर्यंत गेला. ती त्यावरून हात फिरवत राहिली.

"आई," ती म्हणाली, "मी कधी मोजलं होतं गं त्यांना?"

गॅदरिंगहून घरी येऊन रडलेली सुमन मला आठवली. मामीनं खाली ठेवलेला झब्बा पुन्हा घडी करायला घेतला.