अंगात आल्याची कथा

नव्वदीच्या दशकात मी साताऱ्याहून गावोगावच्या साहित्य संमेलनांत कथाकथनाला जायचे. सासूला धाकात ठेवायला अंगात आल्याचं सोंग करणारी सून, ही माझी हुकमी कथा. साताऱ्यातले शहाणे लोक तिला पोट धरून हसायचे.

आटपाडीकडच्या एका गावात, भर दुपारच्या मांडवात, मी तीच कथा घेतली. अंबाडा सोडून घुमायला लागले. कोणी हसलं नाही. पुढच्या बायका उठून उभ्या राहिल्या. एक म्हातारी व्यासपीठावर चढली. तिनं माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि पायांवर डोकं ठेवलं. संयोजकांनी येऊन आवरायचं, तर तेच चपला काढून हात जोडून उभे.

"आई, माजा ल्योक घरी कवा यील?" म्हातारीनं विचारलं.

"अहो आजी, ही नुसती गोष्ट आहे," मी कशीबशी म्हणाले.

"व्हय. पर त्यो कवा यील?"

तिच्या मागं बायकांची रांग लागली होती, आणि केस बांधायला माझा हात वर होईना.