ताईच्या वाट्याचं पाणी

"आई, गाडीत बस म्हटलं ना! दोन वाजता नंबर आहे. मशीन काय तुह्यासाठी थांबते का?"

भाचा फाटकात उभा राहून असा ओरडत होता, की अकोल्याच्या त्या गल्लीतल्या म्हशींनी त्या दिवशी दूध आखडून घेतलं असावं. मी नुकताच अमरावतीहून एसटीनं येऊन पोचलो होतो. मे महिना. ऊन एवढं, की माझी सावली स्टँडपासून फाटकापर्यंत कशीबशी सोबत आली आणि पुढचं तुझं तू बघ म्हणाली.

ताई, माझी थोरली बहीण, पायरीवर बसून होती.

"नाई येत," ती म्हणाली. "बस झालं आता."

दीड वर्षापासून ती आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होती. मूत्रपिंडं गेलेली, हृदय थकलेलं. दुसरं मूत्रपिंड बसवता येणार नाही हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. हल्ली मशीनवर असतानाच तिचं बीपी कोसळायचं. एक दिवस मशीनवर जायचा, दुसरा अंथरुणात. भाऊजी गेल्यापासून घरात दोघंच. भाचा नोकरी सांभाळून तिला न्यायचा, आणायचा आणि अंगात साचू नये म्हणून पाणी मोजून द्यायचा. दिवसभरात जेमतेम दोन पेले. अकोल्याच्या उन्हाळ्यात!

आणि फाटकाबाहेर ताईचीच पाणपोई. ओलं लाल फडकं गुंडाळलेला रांजण ती दर उन्हाळ्यात मांडायची, मोडल्या तब्येतीतही. रिक्षावाले, भाजीवाल्या गटागट पिऊन जायच्या आणि ही पायरीवरून त्यांचे गळे हलताना बघत बसायची.

"मामा," भाचा मला बाजूला ओढून म्हणाला, "तुमी लोकायले काहीबी पटवता. आईले पटवा."

यात खोटं काही नव्हतं. तिवस्याच्या एका लग्नात मी सांगितलं होतं, की नवरदेवाच्या घोड्याला इंग्रजी कळतं. मांडव उठेपर्यंत तीन मास्तर त्याच्याशी बोलून आले होते. मी ताईजवळ टेकलो आणि सुरू झालो. नांदगाव पेठेत म्हणे एक म्हातारा आहे, बावीस वर्षं डायलिसिसवर. अजून पायी रिद्धपूरच्या यात्रेला जातो, आणि येताना थकलेल्या दोघांना खांद्यावर घेऊन येतो.

ताईनं शेवटपर्यंत ऐकलं. लहानपणीही ती माझी थाप कधी मध्येच तोडत नसे.

"झालं?"

"झालं."

"आता खरं सांग. डॉक्टरशी बोलला ना तू फोनवर? काय म्हटलं त्यायनं?"

खरं बोलायची माझ्या जिभेला सवय नव्हती. दोनदा तोंडातल्या तोंडात वळली.

"गेलीस त काही महिने. तेबी असेच. नाई गेलीस त आठ-पंधरा दिवस."

"दुखन का?"

"दम लागन. त्याच्यावर औषध देतो म्हणाले. घरी येऊन पाहतो म्हणाले."

"मंग ते पंधरा दिवस दे मले."

भाच्यानं ऐकलं होतं. "मामा, तुमाले पटवाले बोलावलं होतं, का मारायले?"

मी पायरीवर सरकून त्याला जागा करून दिली.

ताईनं हात लांब केला. "इकडं ये. त्याच्यावर काहून चिडून राह्यला? तू एकबी दिवस चुकवला नाई, बाप्पा. पण ते सुया, ते थंडी वाजणं, ते मले होते ना? तुले नाई."

"लोक म्हणतीन, पोरानं मायले सोडलं."

"म्हणायले आले त पाणी पाज त्यायले. उन्हाचे आले असतीन."

तो हसला नाही. तिच्या शेजारी बसला आणि एवढा मोठा गडी तिच्या खांद्यात तोंड घालून रडला. मग उठून त्यानं गाडी बंद केली. डॉक्टरांना फोन लावून आईच्या हातात दिला. त्यांनी तिला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिनं तेच सांगितलं. भाचा आत गेला, तांब्या भरून आणला आणि तिच्यासमोर धरला. माप बघितलं नाही. ती थांबत थांबत प्यायली. पदरावर सांडलं तेही तिनं पुसलं नाही.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. मी लोकांना एकवीस सांगतो, पण होते अकराच. तिनं मनाई असलेला आंबा खाल्ला, माझ्याकडून घोड्याची गोष्ट दोनदा ऐकली. शेवटचे दोन दिवस दम लागला, डॉक्टरांनी औषध दिलं आणि ती भाच्याचा हात धरून झोपेत गेली.

तिसऱ्या दिवशी माणसं भेटायला आली. अमरावतीचे आमचे एक काका सगळ्यांसमोर आवाज चढवून म्हणाले, "असं कसं बंद केलं डायलिसिस? नागपूरले काहून नाई नेलं?"

मी घसा खाकरला. नागपूरचा मोठा डॉक्टर हेलिकॉप्टरनं शेतात उतरला, त्यानं हात टेकले आणि जाताना रडला, अशी चांगली पाऊण तास चालेल अशी गोष्ट मी भाच्यासाठी तयार ठेवली होती.

भाचा चहाचे कप गोळा करत होता. मान वर न करता म्हणाला,

"आई नाई म्हणाली होती."