माणगंगेपलीकडे गेलेली जीप

आधीच स्पष्ट करते, म्हणजे नंतर कोणी माझी बाजू घ्यायला नको. जीप मी निवडली होती. चादरींची कल्पना माझी होती. वाडीत सर्वांत आधी तोंड उघडले तेही मीच. बाकीच्यांचा दोष एवढाच, की त्यांनी माझे ऐकले. आता चहा घ्या आणि मध्ये बोलू नका.

मी तेव्हा सांगोल्याला मुलींच्या हायस्कुलात मुख्याध्यापिका होते. संस्था सोलापूरची. आसपासच्या वाड्यांत शाळा सातवीपर्यंत. सातवी झाली की मुलगा सायकलवर टांग टाकून सांगोल्याला येई आणि मुलगी शेळ्यांमागे जाई. त्या वर्षी माणगंगेपलीकडच्या एका वाडीतली सुमन नावाची मुलगी सातवीला केंद्रात पहिली आली. वाडीचे नाव सांगत नाही, तिथे मला अजून ओळखतात. सुमनच्या वडिलांनी निरोप धाडला होता, की पोरीला नदीच्या पात्रातून एकटीला पाठवणार नाही. शाळेची गाडी आली तर आठवी, नाही तर दिवाळीनंतर लग्न. वाडीतल्या आणखी पाच-सहा मुली सुमनकडे डोळे लावून बसल्या होत्या. ती आली असती तर त्याही आल्या असत्या.

संस्थेचे अध्यक्ष अण्णा. सोलापुरात त्यांचा चादरींचा कारखाना होता. ते घरी तेलुगू बोलत, कारखान्यात मराठी, आणि रागावले की दोन्ही. त्यांनी खटपट करून एका गाडीपुरती सोय केली. पण साधी गाडी काय कामाची? माणगंगेच्या वाळूत बैलगाडीसुद्धा रुतून बसते, आणि पलीकडे रस्ता म्हणजे दगडांनी आपापसांत केलेली तडजोड. चारही चाकांना जोर असलेली गाडीच हवी होती. सोलापुरातले गॅरेजवाले युसुफभाई यांच्याकडे लष्कराच्या लिलावातून आणलेल्या अशा दोन गाड्या उभ्या होत्या. एक बंद टपाची जीप, समोरासमोर बाकांची. दुसरी पिकअप, म्हणजे पुढे दोघांची केबिन आणि मागे उघडा हौदा.

यांतली कोणती घ्यावी?

माझ्या मते प्रश्न विचारण्यासारखा नव्हताच. जीप ही प्रतिष्ठित गाडी. तिला दार असते, दाराला खिडकी असते. मुलगी आत बसली की बाहेरच्याला तिची वेणीसुद्धा दिसणार नाही. परंतु आमच्या गणिताच्या शिंदेबाई पिकअपच्या बाजूच्या होत्या. जीपमध्ये दाटीवाटीने आठ मुली बसतील आणि हौद्यात फळ्या टाकल्या तर वीस, एवढेच त्यांचे म्हणणे. मी त्यांना सांगितले, की मुली म्हणजे कांद्याची पोती नव्हेत. त्यावर त्या म्हणाल्या की पोती नव्हेत हे त्यांनाही ठाऊक आहे, पोती असती तर चाळीस मावली असती. शिंदेबाईंचा स्वभाव हा असा.

युसुफभाईंना मी तज्ज्ञ म्हणून मत विचारले. ते म्हणाले, "मोठी बाई, दोन्ही गाड्या कडक हायत. पण जीप आली की लोक उठून उभं ऱ्हातात. पिकअपला कोण उठतंय?"

लोक उठतात हे त्यांचे म्हणणे पुढे अक्षरशः खरे ठरले.

अण्णांनी मात्र सोलापुरात बसून ठरवायला नकार दिला. दोन्ही गाड्या वाडीत न्या, नदी जिला पास करील आणि लोक जिला पास करतील ती घेऊ, असे ते म्हणाले. तेव्हा मी सुचवले, की जो पालक मुलीचे नाव देईल त्याला जागेवर एक सोलापुरी चादर द्यावी. अण्णांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी लगेच गठ्ठा बांधायला सांगितला. किनारीत जरा चुकलेल्या चादरी होत्या, पण लांबून कळत नव्हते.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ते आणीबाणीचे दिवस होते. नसबंदीची पथके जीपमधून खेडोपाडी फिरत होती. कोणाला बादली, कोणाला तुपाचा डबा देऊन माणसे शिबिरात नेत, आणि कधीकधी काही न देताही नेत. हे मला माहीत नव्हते असे नाही. वर्तमानपत्र मी रोज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असे, आणि वाचून झाले की घडी घालून ठेवत असे.

जूनमधली सकाळ. मी पांढरे, कडक इस्त्रीचे पातळ नेसले होते आणि हातात काळी चामडी बॅग होती. तीत माझा जेवणाचा डबा होता. युसुफभाईंनी जीपला शोभावा म्हणून मुद्दाम खाकी पोशाख शिवून घेतला होता. गठ्ठा मागच्या बाकावर. आमच्या मागून पिकअपमध्ये शिंदेबाई, आणि चाकावर युसुफभाईंचे मेहुणे.

जीपने नदी उत्तम पार केली. युसुफभाईंनी एक दांडा ओढला, चारही चाकांनी वाळू धरली आणि आम्ही पलीकडे. मी मनात तिला शंभरांपैकी नव्वद गुण दिले. शंभर मी कोणालाच देत नाही. मागे वळून पाहिले, तर पिकअप अलीकडच्या काठावर थांबलेली आणि शिंदेबाई कोणाची तरी शेळी वर ओढून घेत होत्या. तिचे दहा गुण मी तिथेच कापले.

आम्ही वाडीत शिरलो. पारावर बसलेली पुरुषमंडळी उठली. पुढे आली नाहीत. धोतरे वर खोचून, सगळी एकाच दिशेने, वाडीमागच्या बाभळीच्या बनाकडे निघून गेली. एक गृहस्थ दाढी करवून घेत होते. ते अर्ध्या दाढीने गेले. न्हावी त्यांच्याही पुढे होता.

तुम्हाला काय वाटले असते? मला वाटले, मुलींच्या शिक्षणाचा विषय आहे, तेव्हा बायकांना मोकळेपणी बोलता यावे म्हणून पुरुष आपण होऊन बाजूला झाले. आडगावात असा सुसंस्कृतपणा पाहून मला भरून आले. युसुफभाईंनाही मी ते बोलून दाखवले. ते म्हणाले, "व्हय बाई, लई इज्जत करतात."

मग बायका जमल्या. पदर दातांत धरून, जीपपासून अंतर राखून. सर्वांत पुढे पारूबाई नावाची एक म्हातारी होती. मी शाळेतल्या सवयीने पहिल्यांदा पटसंख्या काढायला घेतली. तिला विचारले, घरात मुले किती?

"येक बी न्हाय."

तिच्या लुगड्याला तीन धरून उभी होती. ही कोणाची, असे विचारल्यावर तिने शेजारणीकडे बोट केले. शेजारीण म्हणाली, माझी न्हाईत, ही वरल्या आळीची. वरल्या आळीची बाई म्हणाली, ती पावण्यांची. मी सगळ्यांना विचारले. त्या वाडीत मुले पुष्कळ होती, पण कोणाचीच नव्हती.

लाजत असतील, असे मी धरले. धीर द्यावा म्हणून मी पायरीवर उभी राहून चार शब्द बोलले. कोणावर सक्ती नाही. घाबरण्यासारखे काही नाही. पहिले दोन दिवस जरा त्रास होतो, मग त्याची आठवणसुद्धा राहत नाही. जे आज नाव देतील त्यांना आजच चादर. आणि युसुफभाईंना खूण केली, तशी त्यांनी गठ्ठा सोडला.

चादर पाहून पारूबाईचा नूर पालटला. ती जवळ आली, चादरीचा पोत चिमटीत धरून पाहिला, आणि हळूच म्हणाली, "आमचं म्हातारं चालंल का वो? सत्तरीचं हाय. त्येला न्हेलं काय आन् न न्हेलं काय."

प्रौढ शिक्षणाची ही ओढ पाहून मी थक्क झाले. पण नियम तो नियम. मी तिला समजावले, की आम्हाला म्हातारे नकोत. पुरुषही नकोत. आम्ही फक्त मुली घेतो. बारा-तेरा वर्षांच्या. गाडी सकाळी घेऊन जाईल आणि संध्याकाळी आणून सोडील.

पारूबाईच्या हातून चादर खाली पडली.

"पोरी?"

"मुलीच," मी म्हणाले. "आणि सर्वांत आधी सुमन. तिचे नाव वरपर्यंत गेले आहे."

पुढच्या काही क्षणांत वाडीतले प्रत्येक दार लागले. कोणाचीच नसलेली मुले भराभर कोणाकोणाच्या काखेत जाऊन नाहीशी झाली. सुमनचे घर कोणते ते तिच्या वडिलांच्या निरोप्याने मला सांगून ठेवले होते. मी दाराशी जाऊन कडी वाजवली. आतून मुलीचा रडवेला आवाज आला, "आये, सोड की. मला जायचंय."

"गप. कुटं जायचंय म्हनतीस, कळतंय का तुला?"

"समद्या जनी गेल्या तर मी बी जानार. बाई म्हनल्या, दोनच दिस तरास हुतो."

त्यानंतर तिच्या तोंडावर हात ठेवल्याचा आवाज आला. असा आवाज असतो. वर्गात बसलेल्याला तो ओळखता येतो.

मी परतले तो पारूबाई जीपच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसली होती. मांडीवर खुरपे. युसुफभाई काचा लावून आत. मी तिला उठायला सांगितले. ती म्हणाली, आधी माझ्यावरनं गाडी न्या, मंग पोरी न्या. मी म्हणाले, चांगल्या कामाला इतका विरोध मी आयुष्यात पाहिला नाही. ती म्हणाली, असलं काम आमी बी न्हाय पायलं.

मुलगी आत रडते आहे, केंद्रात पहिली आलेली मुलगी, आणि मी बाहेर उन्हात उभी. आता इथून एकही नाव न घेता परतावे लागणार, हे मला दिसू लागले.

तेवढ्यात पिकअप आली. आली म्हणजे ऐकू आली. हौद्यात अलीकडच्या गावातली माणसे, शेळ्या, एक कोंबड्यांची पाटी, कडब्याच्या दोन पेंढ्या, आणि या सगळ्यांत शिंदेबाई, कारण केबिनमध्ये त्यांनी एका बाळंतिणीला बसवले होते. वाटेत ज्याने हात केला त्याला घेतला, असे पुढे कळले. गाडी थांबताच, वाटभर शिंदेबाईंकडून शाळेचे ऐकत आलेला सुमनचा मामा हौद्यातून उडी मारून उतरला आणि त्याने विचारले, की वाडीला झालंय काय.

पारूबाई चाकाशी बसूनच म्हणाली, "आपरेशनवाली बाई आलीया. गडी संपलं, आता पोरी न्यायला लागल्यात."

मामाने माझ्याकडे पाहिले. जीपकडे पाहिले, खाकीतल्या युसुफभाईंकडे पाहिले, चादरींचा ढीग पाहिला. काळ्या बॅगेवर त्याची नजर जरा जास्त वेळ थांबली. मग तो तिथेच मातीत बसला आणि डोळे पुसू लागला. मला वाटले रडतो आहे.

मीही त्याच्या मागोमाग तेच सगळे पाहिले. वर्तमानपत्रातली बातमी होती तशी समोर उभी होती. पूर्वी वाचताना मी तिच्यात नव्हते, एवढाच फरक.

"आगं, ही शाळंची मोठी बाई हाय," मामा हसू आवरत ओरडला. "शाळंची!"

दारे उघडली. पारूबाईने खुरपे बाजूला ठेवले आणि मला ऐकवले, "मंग तसं म्हनायचं न्हवं का? इतकं बोललाव, त्यात शाळा येकदा बी न्हाय काढली." हे खरे होते. मी मनात माझे भाषण पुन्हा म्हणून पाहिले. शाळा हा शब्द त्यात नव्हता. वीस वर्षे शाळेत काढली की माणूस गृहीत धरतो.

पुरुष एकेक करून बनातून परतले. सुमनचे वडील सर्वांत शेवटी आले. अर्धी दाढी त्यांचीच होती. अंगात बाभळीचे काटे, ते काढता काढता माझ्याकडे न पाहता बोलत होते. पोरगी शाळेत घालायला त्यांची ना नव्हती. फक्त दोन गोष्टी होत्या.

"ती जीप नगं," ते म्हणाले. "मला कळतंय की शाळंची हाय. पर बाई, पायाला कळत न्हाय. रोज सकाळी जीप आली तर मी रोज बनात जानार, आन् पोरीला हाताला धरून गाडीत बसवनार कोन?"

मी जीपच्या दाराचा, खिडकीचा आणि वेणीचा मुद्दा काढला. शिंदेबाई म्हणाल्या, हौद्यावर कमानी ठोकून ताडपत्री घालू आणि फळ्यांचे बाक करू. युसुफभाई काच खाली करून म्हणाले, करून देतो. मेहुणे म्हणाले, दोन दिवसांत. विरोधात मी एकटीच उरले, तेव्हा मी विरोध मागे घेतला.

"आन् दुसरी गोष्ट?" मामाने विचारले.

सुमनचे वडील फार वेळ एकाच काट्याशी खेळत राहिले. मग म्हणाले, "मोठ्या बाई, राग धरू नगा. तुमी लई मोठ्या हाव. पर गाडीसंगं तुमी येऊ नगा."

सुमन दारात उभी होती. तिच्या आईने अजून तिचा दंड सोडला नव्हता. मी म्हणाले, बरे. आईने दंड सोडला.

पुढच्या आठवड्यात सोलापुरात अण्णांच्या कारखान्यात सभा झाली. एकच ठराव होता. कलम एक, संस्थेने पिकअप घ्यावी व तिच्यावर ताडपत्री बसवावी. कलम दोन, मुख्याध्यापिकांनी सदर गाडीतून वाडीवर जाऊ नये. पहिल्या कलमावर बरीच चर्चा झाली. ताडपत्रीचा रंग, फळ्यांची रुंदी, शेळ्यांचे काय करायचे. सूचक शिंदेबाई होत्या. अण्णा राजी झाले, युसुफभाई राजी होते, वाडीच्या वतीने मामा आला होता, तोही राजी होता.

दुसऱ्या कलमावर चर्चा झालीच नाही. अण्णांचे वाचून पुरे होण्याआधी सगळ्यांचे हात वर गेले. अनुमोदन माझे होते.